आपलंच पुस्तक आपणच विकताना

तुम्ही पुस्तक लिहिलंय का? किंवा लिहायचं मनात आहे का? मग दहा मिनिटं माझ्यासाठी काढा.

पुस्तक लिहायला मला चार वर्षं लागली. छापून यायला तीन महिने. आणि ते लोकांच्या हातात पोचवायला चौदा महिने झाले, अजून काम चालूच आहे. लिहावं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, छापून देणारेही भेटतात. विकावं कसं, ह्यावर मात्र आपल्याकडे कुणी मोकळेपणानं बोलत नाही. म्हणून मी बोलते.

आधी पुस्तकाविषयी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माझे अण्णा रेल्वेत कीमन होते, खांडव्याच्या बाजूला. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी. सहा-सात किलोमीटर रूळ तपासत जायचं आणि तेवढंच परत यायचं. सैल झालेली चावी ठोकायची, तडा दिसला तर गाडी थांबवायची. त्यांच्या गँगमध्ये चौदा माणसं होती. कुणी रावेरचं, कुणी निमाडातलं, कुणी थेट बिहारातलं. पावसाळ्यात रात्र-रात्र कंदील घेऊन गस्त घालणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल मी लिहिलं. पुस्तकाचं नाव 'गँग नंबर सात'.

पाचशे प्रती छापल्या. टाइपसेटिंग, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन आणि छपाई मिळून ५७,५०० रुपये लागले. हे पैसे आमच्या ह्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतले. इंदूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पुस्तकांचे गठ्ठे दिवाणाखाली ठेवले, उरलेले शिवणयंत्राशेजारी. रोज झाडू मारताना गठ्ठे हलवायला लागायचे. तेव्हा मनात यायचं, अण्णांची ती चौदा माणसं आयुष्यभर कुणाच्या नजरेला आली नाहीत. आता पुस्तकात आली, तर दिवाणाखाली जाऊन बसली. माझ्यासाठी खरा प्रश्न हा होता. पैशांचा होताच, पण त्याहून हा मोठा होता.

आता संकोचाबद्दल. आपण मराठी माणसं ह्या बाबतीत विलक्षण आहोत. हळदीकुंकवाला पन्नास बायका बोलावू, पण 'माझं पुस्तक आलंय, अडीचशे रुपये आहे' असं म्हणताना जीभ टाळूला चिकटते. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणं सांगितली, त्यात स्वतःची स्तुती करणारा अगदी सुरुवातीलाच येतो. तेच लहानपणापासून कानावर पडलेलं. चांगलं पुस्तक असेल तर लोक शोधत येतील, असं आपण म्हणतो आणि गप्प बसतो.

पण जरा मागे पाहा. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मराठी पुस्तकांत आश्रय देणाऱ्यांच्या नावांची यादी छापलेली असायची. म्हणजे लेखक आधी लोकांना भेटत, पत्रं लिहीत, प्रती आगाऊ नोंदवून घेत आणि मग छपाई होई. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकारानं १८७८ साली पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, त्याच्याही मुळाशी ग्रंथांच्या प्रसाराची काळजी होती. आज आपण ज्याला प्रकाशनपूर्व सवलत म्हणतो, ते जुन्याच रीतीचं नवं रूप आहे. आपल्या आधीच्यांना ह्यात कमीपणा वाटला नाही.

आणि हल्लीचं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मण राव यांचं घ्या. अमरावती जिल्ह्यातला हा मराठी माणूस १९७५ मध्ये दिल्लीत गेला. आयटीओजवळ विष्णू दिगंबर मार्गावर फुटपाथवर चहा विकता विकता हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या, स्वतःच छापल्या. चहाच्या किटलीशेजारी पुस्तकं मांडली आणि सायकलवर पिशवी लावून शाळाशाळांत, ग्रंथालयांत नेली. लोक आधी चहा प्यायचे, मग कळायचं की समोरची पुस्तकं ह्याच माणसानं लिहिली आहेत. हे वाचल्यावर मी स्वतःला विचारलं, त्यांना सायकलवरून जमलं, मग मला फोनवरून का जमू नये?

ह्यातून मला जे उमगलं ते एका वाक्यात सांगते. स्वतःची स्तुती करणं वेगळं आणि पुस्तकाची गोष्ट सांगणं वेगळं. 'मी फार छान लिहिलंय, नक्की वाचा' ही स्तुती झाली. 'रात्री तुम्ही गाडीत झोपता तेव्हा रुळावरून कंदील घेऊन कोण चालत असतं, ते ह्या पुस्तकात आहे' ही गोष्ट झाली. पहिल्या वाक्यात मी आहे, दुसऱ्यात अण्णा आहेत. अण्णांबद्दल बोलताना मला कधीच लाज वाटली नाही.

तुम्हीही हे करून पाहा. तुमच्या पुस्तकाबद्दल एकच वाक्य लिहा, पण त्यात 'मी' आणि 'छान' हे दोन शब्द नकोत. मला त्या वाक्यासाठी आठवडा लागला. मग तेच वाक्य पाठीमागच्या मुखपृष्ठावर गेलं, निरोपात गेलं, मंडळाच्या व्यासपीठावरही तेच बोलले.

त्यानंतर वही घ्या आणि वाचकांची नावं लिहा. 'सगळ्यांसाठी' असं कुठलंही पुस्तक नसतं. तुमच्या पुस्तकात ज्यांचं जगणं आलंय, ती माणसं तुमचे पहिले वाचक. नातेवाईक त्यांच्यानंतर. माझ्या वहीत पहिलं पान गँगमधल्या घरांचं, दुसरं रेल्वेतल्या निवृत्त माणसांचं, तिसरं रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलामुलींचं, म्हणजे माझ्या वयाच्या लोकांचं. नातेवाईक पाचव्या पानावर. तुमचं पुस्तक मधुमेहाच्या पथ्याबद्दल असेल, बाळाच्या अंगाईंबद्दल असेल किंवा कोकणातल्या माशांबद्दल असेल, तर तुमची पानं वेगळी असतील. पण पानं करा.

वाचक कळले की ते कुठे आणि कधी एकत्र येतात हेही कळतं. दर वर्षी १७ डिसेंबरला देशभर पेन्शनर दिन साजरा होतो, कारण १९८२ मध्ये त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तिवेतनाबाबतचा महत्त्वाचा निकाल दिला होता. भुसावळला रेल्वेच्या निवृत्त मंडळींचा मेळावा होता. मी संयोजकांना आधी फोन केला, परवानगी घेतली आणि एका कोपऱ्यात टेबल मागितलं. दोन पानं वाचून दाखवायला पाच मिनिटं मिळाली. मी पावसाळी गस्तीचं प्रकरण वाचलं. खाली बसलेल्या मंडळींनी मध्येच थांबवून मला दुरुस्त केलं, 'ताई, त्या पुलाला आम्ही दुसरं नाव ठेवलं होतं.' त्या दुपारी ३१ प्रती गेल्या. कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात माझ्या ३१ प्रती एका महिन्यातही गेल्या नाहीत.

आता पैशांचं बोलू. त्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

किंमत ठरवताना एका प्रतीचा खर्च काढा. माझा ११५ रुपये आला. छापील किंमत २५० ठेवली, प्रकाशनपूर्व २००. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेवढं एक ओझं कमी. दुकानदार साधारण चाळीस टक्के ठेवून घेतात, म्हणजे माझ्या हातात १५० येतात आणि तेही प्रत विकली गेल्यानंतर. त्यांनाही भाडं आणि पगार द्यायचे असतात, त्यामुळे मला ते गैर वाटत नाही. मात्र प्रती ठेवताना चलन करा, सही-शिक्का घ्या आणि दर तीन महिन्यांनी गोडीनं फोन करा.

आयएसबीएन क्रमांकासाठी कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन होतो. आणि पुस्तक स्वतः प्रकाशित केलं असेल तर प्रकाशक तुम्हीच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. हे काम आनंदानं करा. आपण नसू तेव्हाही एक प्रत कोलकात्यात असेल.

पुस्तक आलं की 'तुम्हाला बेस्टसेलर करून देतो' म्हणणारे फोनही येतात. मलाही आले. एकानं चाळीस हजारांचं पॅकेज सांगितलं. मी एवढंच विचारलं, 'दादा, तुम्ही पुस्तक वाचलंय का?' नव्हतं वाचलं. जो पुस्तक वाचत नाही त्याला त्याचा वाचक कुठे राहतो हे कसं कळणार? पैसे देण्याआधी ते लोक नेमकं काय करणार, कुठल्या वाचकांपर्यंत जाणार आणि किती प्रतींचा हिशोब दाखवणार, हे लेखी मागा. बहुतेक फोन तिथेच थांबतात.

आता सगळ्यात नाजूक विषय, फुकट प्रतींचा. माझा मामेभाऊ म्हणाला, 'ताई, आम्हाला पण एक प्रत दे ना. घरचंच तर आहे.' मी म्हटलं, 'अरे, घरचं आहे म्हणूनच तर तू विकत घ्यायचं. तुझ्या दुकानातलं तेल मी कधी फुकट नेलंय का?' तो हसला आणि दोन प्रती घेतल्या. प्रत्येक जण असा हसेलच असं नाही. पण हसत विचारलेल्या प्रश्नाला हसतच उत्तर दिलं तर नातं तुटत नाही.

फुकट कुणाला द्यायच्या, हे मी आधीच ठरवलं होतं. साठ प्रती बाजूला काढल्या. पुस्तकात ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरी, ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना, कायद्यानं द्यायच्या त्या ग्रंथालयांना, आणि परीक्षण लिहिणाऱ्या काही वाचकांना व संपादकांना. परीक्षणासाठी प्रत पाठवताना सोबत हातानं लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी द्या. पंधरा दिवसांनी एकदा विचारा. दुसऱ्यांदा विचारू नका.

फोनचं काय? फोन हे आपलं आजचं दुकान आहे, पण तिथे ओरडायचं नसतं. कॉलनीच्या ग्रुपवर रोज मुखपृष्ठ टाकलं की लोक आवाज बंद करून ठेवतात. माझ्या भाच्यानं मला ब्रॉडकास्ट यादी करायला शिकवलं. तिच्यात २५६ माणसं मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ही मर्यादा मला आवडली. म्हणजे ज्यांना तुम्ही हवे आहात त्यांच्याशीच बोलणं होतं. मी दर रविवारी एकच गोष्ट पाठवते. कधी पुस्तकातला एक परिच्छेद माझ्या आवाजात, दोन मिनिटांचा. कधी अण्णांच्या पान्याचा फोटो. कधी वाचकानं पाठवलेली ओळ, त्याची परवानगी घेऊन. 'विकत घ्या' हे चार रविवारांतून एकदाच, खाली किंमत आणि क्यूआर कोडसह. पैसे कसे द्यायचे हे विचारायची वेळ वाचकावर येऊ देऊ नये.

पुस्तकाचा थोडा भाग मोकळा करायला घाबरू नका. अमीश त्रिपाठी यांची 'द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा' २०१० मध्ये आली. त्याआधी अनेक प्रकाशकांनी ती नाकारली होती. त्यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट ठेवलं, इंटरनेटवर छोटी चित्रफीत टाकली. चव घेतली की माणूस ताट वाढून घेतो, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच शहाणपण आहे. मी एक प्रकरण दिवाळी अंकाला दिलं होतं. ते वाचून आलेले फोन आजही वहीत लिहिलेले आहेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या लेखकांना मी मुद्दाम सांगेन, आपण मागे आहोत असं समजू नका. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, भोपाळ, कोलकाता, जिथे मराठी माणूस गेला तिथे त्यानं मंडळ काढलं आणि बहुतेक ठिकाणी एक ग्रंथालयही. त्यांना वर्षभर कार्यक्रमांसाठी माणसं हवी असतात. 'माझ्या पुस्तकाचा कार्यक्रम ठेवा' असं म्हणू नका. 'रेल्वे वसाहतीतल्या मराठी घरांवर अर्धा तास बोलेन' असं म्हणा. बोलून झालं की पुस्तकं टेबलावर असतातच. महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतात. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वं साहित्य संमेलन दिल्लीत झालं, तेव्हा एका ओळखीच्या प्रकाशकाच्या गाळ्यावर मी वीस प्रती ठेवायला दिल्या. स्वतंत्र गाळा परवडणार नसेल तर असं वाटून घेता येतं.

टपालाचंही विचारून ठेवा. २०२५ च्या मे महिन्यापासून टपाल खात्यानं शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक अशा पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत दर २० रुपयांपासून सुरू होतात. तुमचं पुस्तक त्यात बसतं का, ते खिडकीवर विचारा.

आता माझा हिशोब, अगदी वहीतला. प्रकाशनपूर्व ८५ प्रती, त्यांचे १७,००० रुपये. मेळावे, कार्यक्रम आणि फोनवरून १३० प्रती पूर्ण किमतीला, ३२,५०० रुपये. दुकानं आणि गाळे मिळून ७० प्रती, १०,५०० रुपये. ग्रंथालयांना सवलतीत ४० प्रती, ८,००० रुपये. एकूण ३२५ प्रती, ६८,००० रुपये. टपाल, प्रवास आणि खोकी-दोऱ्यात ९,००० गेले. छपाईचे ५७,५०० वजा केले की उरतात दीड हजार. साठ प्रती भेट गेल्या, ११५ अजून दिवाणाखाली आहेत.

चौदा महिन्यांत दीड हजार रुपये! आमचे हे म्हणाले, 'मुद्दल आलं ना घरी, मग झालं.' तुम्ही श्रीमंत व्हायला पुस्तक लिहीत असाल तर हा आकडा नीट बघून ठेवा. पुस्तक अडकून पडू नये एवढंच हवं असेल, तर ते जमण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र ह्या हिशोबात मांडता येत नाही. अण्णांच्या गँगमधला एक जण ड्यूटीवर असताना गाडीखाली गेला होता. त्याच्यावर पुस्तकात सात पानं आहेत. त्याची बायको, आमच्या काकू, रावेरजवळ लेकाकडे राहतात. फुकट द्यायच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. मी स्वतः प्रत घेऊन गेले. काकूंना वाचता येत नाही. नातीनं ओट्यावर बसून ती सात पानं मोठ्यानं वाचली. वाचताना दोनदा अडखळली, काकूंनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग आत जाऊन पाचशेची नोट घेऊन आल्या.

मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, 'फुकटचं नको माय. माझ्या माणसाचं आहे. दोन दे, एक घरात ठेवते, एक लेकीले पाठवते.'

मी नोट घेतली. तोवर मला वाटायचं की किंमत मागून मी समोरच्याकडून काहीतरी घेते. काकूंना ती किंमत द्यायची होती. आपल्या माणसाला इतक्या वर्षांनी मोल आलं, ते त्यांना स्वतःच्या हातानं मोजायचं होतं. फुकट देऊन मी तो हक्कच त्यांच्याकडून काढून घेतला असता.

तुमच्या पुस्तकातही अशी कुणीतरी काकू असेल. ती तुमच्या फोनमधल्या यादीत नसेल, दुकानात येणार नसेल, तिला पुस्तक आलंय हेही माहीत नसेल. तिच्यापर्यंत दुसरं कोणी जाणार नाही. उद्या वही काढाल तेव्हा पहिल्या पानावर सर्वांत वर तिचं नाव लिहा, आणि पिशवीत दोन प्रती ठेवा.